कागदाला वास येतोय

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार वाकून करायला हवा, पण मध्ये पोट येतं, तेव्हा बसल्या जागेवरून केला आहे असं समज.

दोन वर्षांनी माझं अक्षर बघून दचकली असशील. कुणी गेलेलं नाही. सगळे आहेत तसे आहेत, मी तर जरा जास्तच आहे. गेल्या आठवड्यात तुझ्या लेकीचा फोन आला होता. "मामा, मी सांगितलं असं आईला सांगू नकोस," अशी सुरुवात करून तिने सगळं सांगितलं, आणि आता मी ते तुलाच लिहून तिला तोंडघशी पाडतो आहे. तिला रागावू नकोस. तुझ्या बोटांना आणि मनगटांना संधिवात झालाय, वय झालं की होतो तो नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तो, आणि दीड वर्षापासून औषधं चालू आहेत, हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं तरी कुठे होतं म्हणा.

तुझ्या डॉक्टरांनी सख्ख्या भावंडांना कळवायला सांगितलंय म्हणे. एकाला झाला की दुसऱ्याला होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, आणि सिगारेट ओढत असेल तर विचारायलाच नको. "आणि मामा, तू तर..." एवढं म्हणून तुझी लेक थांबली. कुठे थांबावं ते तिला कळतं, तुझ्यावर गेली आहे.

तर कळवायचं असं की मी सिगारेट सोडली. एक तारखेपासून, एका झटक्यात. रोज सकाळी तासभर चालतो. दहाच्या ठोक्याला झोपतो. भाज्या खातो, त्यासुद्धा हिरव्या. तीस वर्षं तू कानीकपाळी ओरडत होतीस तेव्हा ऐकलं नाही, आता ऐकतोय. माझी काळजी करायचं कारण नाही.

दुकान ठीक. लग्नपत्रिका गेल्या, डायऱ्या गेल्या, पण फाटकी पुस्तकं बांधायला अजून येतात. ग्रंथालयाच्या शब्दकोशाचा तिसरा खंड अजून तुझ्या शिवणाच्या चौकटीवर तसाच आहे, अर्धा शिवलेला. ग्रंथपाल बाई दर पंधरा दिवसांनी येतात आणि म्हणतात, "आमच्या वाचकांचं सगळं ज्ञान 'म'पाशी थांबलंय." पुढचे शब्द लोकांनी अंदाजाने वापरायचे असं चाललं आहे.

त्या दिवशी जे झालं ते झालं. दोघांचीही डोकी तापली होती.

कळावं असं बरंच आहे. लोभ असावा असं लिहायची माझी छाती होत नाही.

तुझा,
बारक्या (वजन ८६)


२६ फेब्रुवारी

ताई,

पाकीट आलं. तुझं अक्षर बघून मी आधी खुर्चीत बसलो आणि मग ते फोडलं. आत माझंच पत्र. उलटपालट करून पाहिलं, तेव्हा शेवटी माझ्या सहीच्या खाली तुझी एक ओळ दिसली. "कागदाला वास येतोय."

अक्षर उजवीकडे कलंडलेलं होतं. पूर्वी तू ओळ लिहायचीस तर पट्टी धरल्यासारखी यायची.

मग पत्र नाकाला लावलं. आणि ताई, मला माझीच लाज वाटली. तीस वर्षं गिऱ्हाइकांना मी सांगतोय की कागद सगळं पिऊन ठेवतो, पुस्तक स्वयंपाकघरात ठेवू नका, औषधांच्या कपाटात ठेवू नका. एकदा एका वकिलाचं पुस्तक मी नुसतं हुंगून सांगितलं होतं की ते गाडीच्या डिकीत होतं, आणि तो हादरला होता. आणि तोच मी, तोंडात सिगारेट धरून, "एका झटक्यात सोडली" असं लिहितो आणि ते घडी घालून तुझ्याकडे धाडतो. असा मूर्खपणा करायला बाइंडरच हवा.

खरं सांगतो. त्या पत्राला तीन सिगारेटी लागल्या. दिवसाला पंधरा चालू होत्या. चालायला मी एकदा गेलो होतो, कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत, आणि कशाला ते तुला कळलंच असेल. भाजी खाल्ली होती, पण ती तळलेली होती. दहाला झोपतो हे खरं आहे, फक्त खुर्चीत.

तुझा फोन नाही, शिव्या नाहीत, चार पानी उपदेश नाही. तीन शब्द. त्या दिवसापासून पंधराच्या नऊ झाल्या आहेत. यातलं काही खोटं वाटलं तर कागद आहेच, विचार त्याला.

दोघांची डोकी तापली होती, हेही खरं नव्हे. तापलं होतं ते एकच डोकं.

लोभ राहू दे. वास जाईल तसा थोडा थोडा कर.

बारक्या (८६, काटा जुना आहे)


२१ मार्च

ताई,

आज मोठं पत्र आहे, तेव्हा दुपारी वाच. सकाळी हातात धरायला त्रास होईल. हे मला आता कळतं, आणि कसं कळलं तेच सांगायचं आहे.

मी दवाखान्यात गेलो होतो. ग्रंथपाल बाईंनी नेलं असं म्हणायला हवं. त्या शब्दकोश मागायला आल्या होत्या, मी खोकलो, तर म्हणाल्या, "तिसरा खंड पुरा व्हायच्या आत तुम्ही आटपाल असं दिसतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला त्या पायांत कॅनव्हासचे बूट घालून दुकानाच्या दारात हजर. तेव्हापासून त्या मला रोज चालायला नेतात. जनावराला पाणी पाजायला नेतात तसं. नदीकाठचा रस्ता, पुलापर्यंत आणि परत. पहिल्या दिवशी मी पूल लांबूनच पाहिला.

तर दवाखाना. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तुझ्या लेकीएवढ्या. त्यांना मी तुझं सगळं सांगितलं. रक्त घेतलं. मी विचारलं, "सगळं सोडलं, चाललो, गवत खाल्लं, तर होणार नाही ना?"

त्या म्हणाल्या, "लिहून देणार नाही. सिगारेट सोडणं, वजन आटोक्यात ठेवणं, चालणं, झोप, बरं अन्न, याने शक्यता कमी होते. बरीच कमी होते. शून्य होत नाही."

"माझ्या बहिणीने यातलं सगळं आयुष्यभर केलं. सिगारेटला कधी शिवली नाही. जेवणाला नियम, झोपेला नियम. आणि मी हा असा. मग तिलाच कसं झालं?"

"त्याचं उत्तर माझ्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "त्यांचं काही चुकलं म्हणून झालं नाही, एवढं त्यांना नक्की सांगा."

म्हणून सांगतोय. आपण पुस्तकाला जाड पुठ्ठा घालतो, तरी एखादं फाटतंच, आणि एखादं बिनपुठ्ठ्याचं पन्नास वर्षं टिकतं. म्हणून कुणी पुठ्ठा घालायचं सोडत नाही. मी बिनपुठ्ठ्याचा आजवर टिकलोय, हे माझं कर्तृत्व नव्हे.

मग त्यांनी माझी बोटं एकेक दाबून पाहिली आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर बोटं आखडतात का? मूठ वळायला किती वेळ लागतो?"

मी म्हटलं, "असं का विचारता?"

"या आजाराची ती खूण असते. सकाळी तास, दोन तास, कधी त्याहून जास्त हात चालतच नाहीत. बटण लावता येत नाही, नळ सोडता येत नाही. ऊन वर आलं की सुटत जातात. घरच्यांना वाटतं माणूस आळस करतोय."

पुढचं मी काही ऐकलं नाही. बाहेर आलो आणि दवाखान्याच्या बाकावर बसलो. आत माझ्यासोबत असलेल्या ग्रंथपाल बाईही शेजारी येऊन बसल्या. त्यांनाही आठवलं असणार, त्या दिवशी त्या तिथेच होत्या.

अठ्ठावीस वर्षं तू नऊच्या ठोक्याला जिना उतरून दुकानात यायचीस. मग नऊचे साडेनऊ झाले. साडेनऊचे साडेदहा. शेवटच्या हिवाळ्यात अकरा. मी एकदाही विचारलं नाही, का गं, बरं नाही का. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो, आणि तू बघावंस म्हणून बघायचो. तू यायचीस, दोन्ही हात चहाच्या कपाभोवती धरून बसायचीस, आणि मला वाटायचं, बघा, चहा कसा निवांत चाललाय.

मग त्या दिवशी ग्रंथपाल बाई दुसरा खंड परत घेऊन आल्या. टाके ढिले पडले होते, मधल्या पानांचे फर्मे बाहेर लोंबत होते. बाई रागावल्याही नव्हत्या. मीच म्हणालो, तुला ऐकू जाईल अशा आवाजात, "आमच्या बाईसाहेब अकराला उगवतात. मग टाके असेच पडणार. कामचुकारपणाला माझ्याकडे औषध नाही."

तू सुई तिसऱ्या खंडात तशीच ठेवलीस, दोऱ्यासकट. अंगुस्तान काढून चौकटीवर ठेवलंस. आणि मला म्हणालीस, "खळीवर झाकण ठेव, वाळेल." चार दिवसांनी तू लेकीकडे निघून गेलीस.

खळ वाळली, ताई. मी झाकण ठेवलं नव्हतं.

त्या टाक्यांवर तू किती वेळ घालवला असशील, आणि ते ओढताना काय होत असेल, याचा हिशेब मला आता लागतोय. मी चुकलो. याच्यापुढे काही जोडत नाही.

बारक्या


१९ मे

ताई,

दोन महिने तुझं काही आलं नाही. ठीक आहे. दोन वर्षं माझंही आलं नव्हतं.

आधी बातमी. माझं रक्त साफ आहे. "सध्या काही नाही," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि सध्या हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. सिगारेट बंद होऊन आज एकतीस दिवस. मध्ये एक ओढली, बाराव्या दिवशी, एका गिऱ्हाइकाने दिली म्हणून. पुढच्या सकाळी चालताना ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "आज तुम्ही वाऱ्याच्या त्या बाजूने चला." मी काही सांगितलं नव्हतं. तुम्हा बायकांच्या नाकापुढे माणसाने करावं तरी काय.

पहिले दहा दिवस मी माणसात नव्हतो. एका शाळामास्तरांशी त्यांच्याच पुस्तकाच्या रंगावरून भांडलो. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून गाजरं खाल्ली, इतकी की दुकानात कुणी आलं की मला कडकड आवाज थांबवून बोलावं लागायचं. आता बरं आहे. अन्नाला चव असते हे नव्यानेच कळलंय, त्यामुळे जेवण वाढलं, तरी चालण्यामुळे वजन थोडं उतरलं. दात साफ करून घेतले. रक्षापात्र घासून त्यात सुया ठेवल्या आहेत.

पुलापर्यंत जाऊन येतो. परवा पूल ओलांडला. पलीकडे काही नाही, एक लाकडाची वखार आहे आणि कुत्रं आहे, पण मला इतका आनंद झाला की बाईंनी मला थर्मासमधला चहा दिला. हे सगळं मी भीतीपोटी सुरू केलं होतं, ताई. आता सकाळी बूट घालताना भीती आठवतही नाही. नुसतं बरं वाटतं.

आता जे लिहायचं टाळत होतो ते.

गेल्या रविवारी दुकान रंगवायला काढलं. तुझ्या खुर्चीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, तर त्याच्याखाली भिंत पांढरी. स्वच्छ पांढरा चौकोन. बाकी सगळी भिंत पिवळी, चहाच्या फडक्यासारखी. मला वाटायचं तो भिंतीचा रंगच आहे. तो मी लावलेला रंग होता, रोज पंधरा प्रमाणे, दारं लावून, आणि त्या भिंतीला पाठ लावून तू बसायचीस.

मी ब्रश खाली ठेवला आणि दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंना विचारलं, "माझ्या धुराने तिला झालं का?"

त्यांनी मला लगेच नाही म्हणावं असं फार वाटत होतं. त्या म्हणाल्या, "कुणाला कशामुळे झालं ते असं बोट ठेवून सांगता येत नाही. दुसऱ्याच्या धुराचाही संबंध असू शकतो असं काही ठिकाणी दिसलं आहे. तुमच्या बहिणीच्या बाबतीत मी हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. धूर चांगला नव्हता, एवढंच म्हणेन."

हे तुझ्यापासून लपवणार होतो. चार दिवस लपवलंही. पण मग पत्राला पुन्हा वास आला असता.

तुला मला शिव्या द्यायच्या असतील तर दे, लेकीच्या हातून लिहून पाठव. मी त्या वाचून फळीवर ठेवीन, फेकणार नाही.

बारक्या (८३)


१२ जुलै

ताई,

तुझं पत्र आलं. दीड पान. तू स्वतः लिहिलेलं, "रोज चार ओळी, अकरानंतर" असं वर लिहिलेलं. म्हणजे या दीड पानाला किती दिवस लागले ते मी मोजलं. मग ते तितक्याच सावकाश वाचायचं ठरवलं आणि पाच मिनिटांत संपवलं.

तू लिहितेस, "धुराचं म्हणशील तर मला आत्ता कुणावर खटला भरायचा नाही. मीही कधी उठून दार उघडलं नाही, गार वारा यायचा म्हणून. भिंत रंगवलीस ते ठीक, कोणता रंग ते लिहिलं नाहीस." पांढरा, ताई. दुसरा कोणता देणार.

आणि पुढे लिहितेस, "कामचुकार म्हणालास ते मात्र अजून जात नाही. रोग झाला त्याचं दुःख एवढं नाही. ते बाईंच्या देखत म्हणालास." हे वाचल्यावर मी पत्राची घडी केली आणि खाली गेलो. दुसऱ्या सकाळी चालताना ग्रंथपाल बाईंना पुलावर थांबवलं आणि म्हणालो, "माझ्या बहिणीने उभ्या आयुष्यात कधी कामचुकारपणा केला नाही. ती आखडलेल्या बोटांनी तुमचा कोश शिवत होती आणि मला ते दिसलं नाही. मी तुमच्यासमोर खोटं बोललो होतो, म्हणून तुमच्यासमोरच परत घेतोय." वखारीचं कुत्रंही ऐकत होतं. बाई म्हणाल्या, "मला ते तेव्हाच खोटं वाटलं होतं. मीही बोलले नाही." मग आम्ही दोघं परत आलो.

आता एक गंमत ऐक, गंमत म्हणजे आता गंमत. गेल्या मंगळवारी सकाळी मी उठलो तर उजव्या हाताची बोटं वळेनात. बिछान्यात उताणा पडून मी ती छताकडे धरून बघत राहिलो. पाच मिनिटं. सात. मला वाटलं, आलं. नदीकाठ, गाजरं, ऐंशी दिवस, सगळं फुकट. दहाव्या मिनिटाला बोटं हलली, पंधराव्याला मी शर्टाची बटणं लावली आणि बूटही न घालता दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काल काय केलंत?"

आदल्या दिवशी मी चाळीस वह्यांचे पुठ्ठे हाताने कापले होते, मशीनचं पातं धार लावायला दिलं होतं म्हणून. त्या हसल्या. सूज नाही, लाली नाही, नुसते दमलेले हात. "पुन्हा झालं, तास-तास टिकलं, तर मात्र लगेच या," म्हणाल्या.

पंधरा मिनिटं, ताई. तू असे तासावर तास काढलेस, रोज, आणि मग जिना उतरून माझ्या घड्याळासमोर येऊन बसलीस.

तुझी औषधं लागू पडताहेत, सूज उतरली आहे, लेक तुला तलावात पोहायला नेते, हे वाचून मी दुकानात एकटाच मोठ्याने "वा" म्हणालो. दुपारी अर्धा तास सुई धरता येते असं लिहिलंस. ते मी दोनदा वाचलं.

दुकानाची एक बातमी राहिली. पाटीवरची वेळ बदलली आहे. नऊ खोडून अकरा केले. लोकांना मी सांगतो, सकाळी चालायला जातो, परत येऊन अंघोळ, न्याहारी, म्हणून. ते खरंच आहे. पण चालून मी साडेसातला परत येतो, ताई.

लोभ आहेच, दीड पान भरून आला. वाढव.

बारक्या (८१, काटा नवा)


४ ऑक्टोबर

ताई,

हा कागद आधी नाकाला लाव आणि मग पुढे वाच.

लेकीने फोनवर सांगितलं, अठरा तारखेला दुपारच्या गाडीने येतेस. पंधरा दिवसांसाठी, तिसरा खंड पुरा करायला. "इतकंच काम आहे, करून परत येते, असं आई म्हणते," असं ती म्हणाली, आणि हसली. मी हसलो नाही, मी कामाला लागलो.

जिना चढावा लागू नये म्हणून मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. तिथे पुठ्ठे होते, ते मी वर माझ्या खोलीत नेले, आता मी पुठ्ठ्यांत झोपतो. न्हाणीघराच्या नळाला लांब दांडीची तोटी बसवली, कोपराने उघडते. दाभणाच्या मुठीला जाड कापड गुंडाळलं, सुतार म्हणाला रबर बरं, म्हणून मग एकाला रबर लावलं, तू बघ कोणतं बरं ते. डब्यांची घट्ट झाकणं काढून टाकली. खळीच्या भांड्यावर मात्र झाकण आहे.

चौकटीला मी हात लावलेला नाही. सुई तिथेच आहे, थोडी गंजली. दोन वर्षांत कितीदा वाटलं की मीच शिवून टाकावं. मला शिवता येतं, तुझ्याइतकं नाही, पण चालून गेलं असतं. पण ते पुरं झालं असतं तर मग तू गेलीस हे पुरं झालं असतं. बाईंना मी दर वेळी दोऱ्याचं, कागदाचं काहीतरी कारण सांगत आलो. त्यांना ते कळत होतं असं आता म्हणतात.

एक सांगून ठेवतो, म्हणजे स्टेशनवर बघून चकित व्हायला नको. मी एकोणऐंशी किलोचा आहे आणि माझ्या शर्टांत दोन माणसं मावतील. आणि मी बडबडतो फार, सिगारेट नसली की तोंड रिकामं असतं.

गाडी उशिरा आली तरी मी फलाटावर असेन. वाकून नमस्कार करणार आहे. सराव चालू आहे.

बारक्या


२ नोव्हेंबर, सकाळ
(चिठ्ठी अंगुस्तानाखाली ठेवली आहे)

ताई,

तू अजून झोपली आहेस म्हणून लिहून ठेवतो. आम्ही पुलापलीकडे चाललोय, बाईंनी आज वखारीच्या पुढची टेकडी धरायची ठरवली आहे. चहा थर्मासमध्ये आहे, त्याचं झाकण ढिलं करून ठेवलंय. गोळ्या ताटलीत आहेत, पाकिटातून काढून.

काल तुझे पंधरा दिवस झाले. तू आल्या आल्या तुझेच दोन वर्षांपूर्वीचे टाके उसवलेस आणि पहिल्या फर्म्यापासून सुरुवात केलीस, तेव्हाच मी ओळखलं होतं. आता रोज दोनच फर्मे होतात, कधी एक. रात्री जेवताना तू म्हणालीस, "हे काही एवढ्यात व्हायचं नाही रे." मी पानातल्या गाजराकडे बघत राहिलो, कारण तोंड उघडलं असतं तर वेडंवाकडं काहीतरी बोललो असतो. लेकीला पत्र मी टाकतो, तुझे गरम कपडे पाठव म्हणून.

काल तुझा शिवलेला भाग मी हाताने ओढून पाहिला, तू आत गेल्यावर. एक टाका हलला नाही. 'सवय' आणि 'सांधा' दोन्ही त्याच खंडात आहेत, ते पक्के बसलेत. बाईंना तुझ्यादेखत सांगणार आहे.

माझं वजन तू आल्यापासून दीड किलो वाढलं आहे. त्याला तू जबाबदार.

उठलीस की घड्याळ शोधशील. ते भिंतीवरून मी काढलंय, कपाटात आहे, हवं तर घे. खळ ढवळून ठेवली आहे, झाकण आहे. सुईला हात लावायची घाई करू नकोस, बोटं सुटू दे.

दुकान अकराला उघडतं.

बारक्या